हजारापाशी थांबलेला भागाकार

माझ्या बहिणीला सांगलीला नर्सिंगच्या ट्रेनिंगला जायचं होतं आणि तिनं जाऊ नये असं एका आकड्याचं मत होतं. आकड्यालाही मत असतं हे मला त्या वर्षी कळलं. तोवर मी समजत होतो, मत फक्त माणसाला असतं, आणि तेही पाच वर्षांतून एकदा.

आमचं गाव उंब्रजपासून चालत तासाभरावर. आमच्या आळीनं दीक्षा घेतली त्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. आबा, म्हणजे आमचे वडील, पलटणीतून पेन्शनवर आलेले. बावीस प्रतिज्ञा त्यांना कवायतीच्या हुकमासारख्या पाठ होत्या. मी दहा पोरांच्या युवक मंडळाचा चिटणीस. काम पत्रकं लिहिण्याचं. पाणवठ्यावर लिहिलं, रेशनवर लिहिलं, शाळेत आमच्या पोरांना मागं बसवतात त्यावर तीनदा लिहिलं. कराडच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसानं 'जाहीर निषेध' हे दोन शब्द माझ्यासाठी जुळवून, दोरीनं बांधून फळीवर ठेवले होते. मी दारात दिसलो की तो ते आधी उचलायचा आणि मग विचारायचा, "आज कुणाचा?"

बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. अकरावी पास झाली, गणितात शाळेत पहिली आली. बक्षीस दुसऱ्या नंबराला दिलं; त्यावरही माझं पत्रक आहे. सांगलीहून पत्र आलं की जागा मिळाली, पंधरा दिवसांत हजर व्हा. आबा ते पत्र खिशात घालून बाजाराच्या दिवशी तिच्यासाठी ट्रंक आणायला उंब्रजला गेले आणि दुपारी हात हलवत परत आले.

"ट्रंक कुटं हाय?" आईनं विचारलं.

"ट्रंक नगं. पोरीचा आकडा वांझ निगाला."

उंब्रजच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर एक अंकवाला बसत असे. पलटणीत तो आबांच्याच कंपनीत क्लार्क होता, म्हणून आबा त्याला क्लार्क साहेब म्हणत. तो हात बघत नसे, कुंडली मांडत नसे. जन्माचा महिना कितवा, तारीख कितवी, आईबापाच्या नावांची अक्षरं किती, आणि जन्म सूर्योदयापासून कितव्या घटकेला, एवढं विचारायचा आणि ते आकडे पाटीवर एकापुढं एक मांडायचा. मग त्या आकड्याला भाग लावायचा. ज्या संख्येनं भाग जाईल ती आकड्याची पोरं. पोरं जितकी जास्त तितका माणूस माणसांत रमणार. ज्या आकड्याला भागच जात नाही तो वांझ, आणि वांझ आकड्याच्या माणसानं गावाची शीव ओलांडून राहायला जाऊ नये. परक्या ठिकाणी त्याचं कुणाशी जमत नाही, ते एकटं पडून झुरतं. दक्षिणा तो घेत नसे. एक पेन्सिल घ्यायचा. पैसे घेत नाही म्हणजे खरा असणार, असं सगळ्या बाजाराचं मत होतं.

बहिणीचा महिना दहावा, तारीख बाविसावी, अक्षरं अकरा, घटका सातवी. आकडा झाला १०२२११७. अंकवाल्यानं एकशे आठपर्यंत भाग लावून बघितला आणि पाटी खाली ठेवली.

एक घटका उशिरा जन्मली असती तर शेवटी आठ आला असता, दोनानं भाग गेला असता आणि मी हे लिहीत बसलो नसतो.

मी आबांना म्हणालो, "आबा, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या कशासाठी? पाठ करायला?"

"त्यात काय लिवलंय ते सांग. देव मानू नगं. मानतो का मी? श्राद्ध घालू नगं. घालतो का?"

"न्हाई."

"मग? भागाकार करू नगं असं कितव्या प्रतिज्ञेत हाय? दाव मला. ह्यात देव न्हाई, बामन न्हाई. आकडा हाय. आकडा म्हंजे सायन्स."

देवाविरुद्ध माझ्याकडं चार पत्रकांची सामग्री होती. भागाकाराविरुद्ध काहीच नव्हतं.

मग मी ठरवलं, आकडा फोडायचाच. अंकवाला एकशे आठवर थांबला. आम्ही पुढं जायचं. एक भाग सापडला की अंकवाल्याचं अज्ञान चव्हाट्यावर आणायचं आणि बहिणीला सांगलीला धाडायचं. शाळेच्या ओट्यावर मंडळाची बैठक घेतली. पत्रकं वाटताना आम्ही दहा जण गावं वाटून घेत असू, तसेच आता आकडे वाटून घेतले. एक ते शंभर एकाला, एकशे एक ते दोनशे दुसऱ्याला, असं करत हजारपर्यंत. दहा माणसं, दहा शंभर, कुणावर अन्याय नाही. ज्याला पहिलं शंभर मिळालं त्याला सोपं गेलं म्हणून नऊशेवाल्यानं कुरबूर केली. त्याला संघटनेची शिस्त समजावून सांगितली.

चार दिवस आम्ही भागाकार केले. दोनानं नाही, तिनानं नाही, सातानं नाही, सत्त्याण्णवनं नाही. चारशे एकवाला उसाच्या बांधावर बसून करायचा, सातशे एकवाला एसटीच्या थांब्यावर. पाचव्या दिवशी संध्याकाळी बैठक झाली. कुणालाच भाग सापडला नव्हता. आता काय करायचं? संघटनेत ज्या गोष्टीचा निकाल लागत नाही तिच्यावर ठराव मांडतात. मी ठराव मांडला: १०२२११७ ही मूळ संख्या आहे असे ही सभा जाहीर करते. आठ हात वर झाले.

घरी येऊन बहिणीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमी मतं घेतली? आकड्यावर?"

"ठराव बहुमतानं मंजूर झालाय."

"इरोधात कोण हुतं?"

"कुणी न्हाई. दोघं तटस्थ."

"ते का?"

"एकाला ताप हुता, तो झोपला. दुसऱ्याचं सहाशे ते सातशे पुरं व्हायचं हुतं."

सहाशेवाल्यानं ते दुसऱ्या दिवशी पुरं केलं. भाग गेला नाही. आमच्या हजार भागाकारांत एकही चूक नव्हती, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

इथं शहाण्या माणसानं गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या हातात ठराव होता आणि छापखान्यात 'जाहीर निषेध' तयार होता. मी विचार केला, आकडा मूळ आहे तर असू दे! मूळ असण्यात लाज कसली? लढायचं तर मुळाशीच लढायचं. मी गावच्या वाचनालयात बसून आणि शाळेतल्या मास्तरांना छळून मूळ संख्यांची सगळी माहिती काढली आणि दोन्ही बाजूंनी भरेल असं पत्रक लिहिलं. मथळा: 'मूळ संख्येला वांझ म्हणणाऱ्यांचा जाहीर निषेध!'

त्यात मी लिहिलं होतं की मूळ संख्या ही संख्यांची कष्टकरी जात आहे. बाकीच्या सगळ्या संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून उभ्या राहिल्या, आणि एक संख्या एकाच रीतीनं. सहा म्हटलं की दोन आणि तीनच आले, तिसऱ्या कुणाचा त्यात हक्क नाही. लिहिलं होतं की मूळ संख्या कधी संपत नाहीत. संपल्या असं कुणी म्हणालं तर त्याच्याजवळच्या सगळ्या घेऊन एकमेकांत गुणा आणि त्यात एक मिळवा. जी संख्या येईल तिला त्याच्याजवळच्या कुठल्याच मूळ संख्येनं भाग जाणार नाही, दर वेळी एक उरेल. म्हणजे त्याच्याजवळ नसलेली एखादी मूळ संख्या आहेच. हे हजारो वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे आणि उंब्रजच्या पायरीपर्यंत अजून पोचलेलं नाही! आणि शेवटी लिहिलं होतं की अमेरिकेत एका यंत्रानं नुकतीच एक मूळ संख्या शोधली. दोन हा आकडा अकरा हजार दोनशे तेरा वेळा मांडून सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि एक वजा करायचा. ती लिहायला तीन हजारांवर अंक लागतात. आपल्या चावडीची भिंत पुरायची नाही. एवढा खटाटोप कुणी वांझ वस्तूसाठी करतं काय?

तीनशे प्रती छापल्या. पहिली आबांना दिली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, सावकाश, एकही शब्द न गाळता.

"ती अमेरिकेतली संख्या," ते म्हणाले, "ती शोधणाऱ्यास्नी पोरगी सांगलीला धाडायची हाय का?"

"आबा, मुद्दा तो न्हाई."

"मुद्दा ह्यो हाय, की क्लार्क साहेब एकशे आठवर थांबला हुता. मला वाटलं, पुढं कुटं तरी भाग गेला तर बघू. तुमी दहा जणांनी हजारपातुर बघितलं. आता तर छापून आलं." ते पत्रक घेऊन ओसरीवर गेले आणि शेजारच्या दोघातिघांना त्यांनी ते दाखवलं. "बगा. माजं न्हाई, क्लार्क साहेबाचं न्हाई. पोराच्या मंडळाचं हाय. आकड्याला भाग जात न्हाई म्हणून छापलंय."

दोन बाजूंचं पत्रक त्यांनी एका वाक्यात वाचलं होतं, आणि ते वाक्य खरंच त्यात होतं.

हजर व्हायला सहा दिवस उरले होते. बहीण माझ्याशी बोलायची थांबली. मग एकदा परसात बोलली ती एवढंच.

"दादा, तू कुणाच्या बाजूनं हायस?"

"तत्त्वाच्या."

"मग तत्त्वालाच धाड सांगलीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जोंधळ्याचा डबा घेऊन गिरणीत गेली. गिरणीत नंबर लावून तास-दीड तास बसावं लागायचं. परत आली ती पिठानं पांढरी झालेली, आणि तिच्या हातात माझं पत्रक होतं. मागच्या बाजूच्या रिकाम्या कडेला तिनं पेन्सिलीनं भागाकार केला होता.

"तुमी हजारावर का थांबला?"

"हजार झाले ना. दहा जण होतो."

"म्हंजे अकरावा असता तर अकराशे केलं असतं?"

"केलं असतं."

"आणि नऊच असता तर नवशावर थांबून ठराव केला असता." तिनं डबा खाली ठेवला. "हे बग. आकडा दोघांचा गुणाकार असंल, तर दोघं बी लय मोठं असून चालत न्हाई. एक हजार अकराला एक हजार अकरानं गुणलं की आपल्या आकड्याच्या चारनं पुढं जातं. म्हणून एक भाग तरी एक हजार धाच्या आत पायजे. तुमी हजारपातुर बघितलं. ते मी खरं धरलं. ऱ्हायलं काय? एक हजार एक ते एक हजार धा."

"मग?"

"सम सोड, पाचाचं सोड. एक हजार एकला सातानं जातो, एक हजार तीनला सतरानं, एक हजार सातला एकोणिसानं. ते आकडे तुमच्यातच येऊन गेले. ऱ्हायला एक हजार नऊ. दादा, एक भागाकार ऱ्हायला हुता. एक."

मी कागद बघितला. एक हजार नऊचा भाग हजार वेळा गेला होता, उरले होते तेरा हजार एकशे सतरा, आणि ते तेरा वेळा बरोबर. खाली शून्य. १०२२११७ म्हणजे १००९ गुणिले १०१३.

मला आनंद झाला असता तर ते माणसासारखं झालं असतं. मी म्हणालो, "हे आबांना दाखवू नकोस."

तिला पहिल्यांदा वाटलं, मी चेष्टा करतोय.

"दाखवलंस तर त्याचा अर्थ काय होतो? आकड्याला भाग गेला म्हणून पोरगी शिकली. म्हणजे अंकवाला बरोबर! उद्या ज्या पोरीचा आकडा खरंच मूळ निघेल तिनं काय करायचं? असं जिंकण्यापेक्षा—"

"मी जायला पायजे का तू बरोबर असायला पायजेस?"

पत्रकात असली अडचण येत नाही; तिथं प्रश्न आपणच विचारलेला असतो.

ती कागद घेऊन ओसरीवर गेली. मीही मागून गेलो, कारण बहीण जे करील ते आपल्या नजरेखाली व्हावं अशी माझी समजूत होती. आबा दाढी करत होते. तिनं आरशापुढं कागद धरला. आबांनी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून हात पुसले, चष्मा लावला आणि गुणाकार स्वतः मांडला. दोनदा मांडला. दोन्ही वेळा तेच आलं.

"व्हय की," ते म्हणाले. "दोन पोरं हायत." मग भुवया आवळल्या. "पर ह्या दोघांना कशानं भाग जातो?"

बहिणीनं गिरणीत तेही बघून ठेवलं होतं. "कशानं न्हाई. दोन्ही मूळ हायत."

"म्हंजे दोन पोरं झाली आणि दोन्ही वांझ?" आबांचा चेहरा पडला. "मग हे तर लयच वंगाळ, पोरी."

मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडं न बघता हात वर केला.

"आबा, गुणाकार कुणी केला आत्ता?"

"मी."

"हजार नऊ घेतलं, हजार तेरा घेतलं, तवा माजा आकडा झाला. आधी कोण हुतं?"

"ती दोघं."

"मग ती पोरं कशी? ते आईबाप झाले. क्लार्क साहेबानं उलटं धरलंय. आणि ज्यांना कशानंच भाग जात न्हाई, त्यांच्यापास्नंच माजा आकडा झाला. मग त्यास्नी वांझ कोण म्हणंल?"

आबांच्या गालावरचा साबण वाळत चालला होता. ते कागदाकडं बघत राहिले. हेच मी दोन्ही बाजू भरून लिहिलं होतं, आणि ते मला बरं वाटलं नाही हे मी इथं नोंदवतो.

"सायन्स हाय म्हणला हुता," आबा हळूच म्हणाले.

"तुमचा आकडा काय निगाला हुता, आबा? क्लार्क साहेबानं तुमचाबी काढला असंल."

"माजा लय चांगला. सातानं जातो, अकरानं जातो, पोरंच पोरं."

"मग पलटणीत गेला तवा लगीच जमलं सगळ्यांशी?"

पलटणीतल्या गोष्टी आबा आम्हाला पुष्कळ सांगत. बर्फाच्या, गाड्यांच्या, एका खेचराच्या. पहिल्या वर्षाची गोष्ट कधी सांगितली नव्हती.

"पयलं वरीस," ते म्हणाले, "मी कुणाशी बोललो न्हाई. कुणी बोललं बी न्हाई. आमच्या तंबूत धा जण. मी ताट घेऊन भायेर बसायचो." त्यांनी चष्मा काढला. "तुजंबी तसं झालं तर? तितं तुजं कोण हाय?"

आकड्याशी ह्याचा काही संबंध नव्हता. आधीपासूनच नव्हता, हे मला तेव्हा कळलं, दहा जणांनी चार दिवस भागाकार करून आणि तीनशे प्रती छापून झाल्यावर.

"झालं तर झालं," बहीण म्हणाली. "तुमी आला का पळून?"

"न्हाई."

"मग मी का यीन? पत्र लिवीन."

आबांनी पुन्हा वस्तरा उचलला, अर्धी दाढी पुरी केली, तोंड धुतलं. मग आरशातून मलाच विचारलं, "सांगलीची गाडी किती वाजता असती रं?"

मी गाडीची वेळ सांगितली. आणि मला राहवलं नाही, मी म्हणालो, "पत्रकाचा शेवटी उपयोग झालाच म्हणायचा."

"पत्रक आधी माघारी घे," बहीण म्हणाली. "आकडा चुकलाय त्यात. तीनशे घरांत चुकलेला आकडा पडलाय."

मंडळाची तातडीची बैठक झाली. मी म्हणालो, तत्त्व बरोबर आहे, फक्त उदाहरण चुकलं, गप्प बसावं. नऊशेवाला म्हणाला, आपण अंकवाल्याला खोटं म्हणतो ते कशाच्या जोरावर? बाकीचे माझ्याकडं बघू लागले. ठरावाची गरज पडली नाही. शुद्धिपत्र काढायचं ठरलं.

तिला शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं जायचं होतं. छापखानेवाला म्हणाला, माझ्याकडं वेळ शुक्रवारी सकाळीच आहे, नंतर दोन आठवडे लग्नपत्रिका आहेत. मी पुढच्या तारखेसाठी हुज्जत घातली. तो ऐकेना. घरी आलो तर बहीण म्हणाली, "जा तू कराडला. थांब्यावर आबा हायत की."

शुक्रवारी मी छापखान्यात होतो. खिळे जुळवणाऱ्यानं सवयीनं फळीवरचे ते दोन शब्द उचलले. मी म्हणालो, आज नकोत.

"मग मथळा काय?"

"मथळा नाही. एकच ओळ."

त्याला ते पटलं नाही, पण त्यानं ओळ जुळवली: १०२२११७ = १००९ × १०१३. प्रूफ ओलं होतं, आकडे पुसट उठले होते. गाडीची वेळ झाली तेव्हा मी खिडकीपाशी उभा राहून त्या ओळीचा गुणाकार पेन्सिलीनं तिसऱ्यांदा करत होतो.